सात बेचाळीसचा हिरवा ठिपका

टॉवरच्या क्रेनवरचा लाल दिवा मी अकरा दिवस मंगळ म्हणून वहीत नोंदवला. अकराव्या दिवशी तर 'मंगळ जागचा हलत नाही, कारण शोधावे' असंही लिहिलं. ठाण्यात, जिथे तिथे टॉवर उभे राहतायत त्या बाळकुमला राहणाऱ्या माणसाला क्रेन ओळखता येऊ नये, हीच खरं तर अनाकलनीय घटना... पण सांगायचंय ते वेगळंच. भुतंखेतं, संकेत, चमत्कार — यातलं मी काही मानत नाही. आजही नाही.

रिटायर झालो, मुलगी नोकरीसाठी बेंगळुरूला गेली, तेव्हा मी आकाशदर्शनाचा ऑनलाइन कोर्स लावला. आपलं यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं तेव्हा टीव्हीसमोर एकट्याने टाळ्या वाजवलेल्या, तेवढंच निमित्त. क्रेन-प्रकरणानंतर शिकवणाऱ्या सरांनी माझ्या नोंदी ताडायला एक जोडीदार दिली — डोंबिवलीच्या सुलभाताई, भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. नियम असा की साडेसात ते आठ दोघांनी आपापल्या गच्चीवरून आकाशाचा एकच तुकडा बघायचा, वहीत लिहायचं, पानाचा फोटो फक्त सरांना पाठवायचा आणि मगच एकमेकांना फोन करायचा.

दिवसभरात मला येणारा तो एकच फोन. ताऱ्यांचे आकडे जुळवले की दोन मिनिटांत संपायचा. मग मी उगाच विचारायचो — लघुग्रहावरून आणलेल्या मातीत म्हणे सजीवांना लागणारी द्रव्यं सापडली, खरं का हो? की त्या अजून पाच मिनिटं बोलायच्या. उत्तर मला ठाऊक असायचं. ते लेक्चर मी दोनदा ऐकलेलं.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी लिफ्ट बंद पडली. चौदा मजले आणि माझे गुडघे... गच्चीवर नाही गेलो. पण नोंद नाही तर फोन नाही. म्हणून सव्वासातला, पायजम्यात, जेवणाच्या टेबलाशी बसून मी नोंद रचली. आणि नुसते तारे कशाला? बोलणं जरा लांबेल असं काहीतरी हवं. लिहिलं : '७.४२. कृत्तिकांच्या किंचित खाली फिकट हिरवा ठिपका. स्थिर. तीनदा मंदावला, मग विझला.' फोटो काढून ठेवला, आठ वाजता पाठवला.

लगेच फोन वाजला. सुलभाताईंनी 'हॅलो'सुद्धा म्हटलं नाही.

"तावडे, तुम्हालाही दिसला का? हिरवा?"

त्यांनी आपलं पान वाचून दाखवलं. तीच वेळ, तीच जागा, तीनदा मंदावणं... मी हो म्हणालो. त्या दिवशी आम्ही पाऊण तास बोललो. मिस्टर गेल्यापासून पहिल्यांदाच कुणाला तरी काही सांगावंसं वाटलं, असं त्या म्हणाल्या.

माझं पान त्यांनी पाहिलेलं नव्हतं. आणि माझ्या मोबाइलमध्ये त्या फोटोची वेळ आहे ७.१६. म्हणजे त्यांना ठिपका दिसला त्याच्या सव्वीस मिनिटं आधी मी तो लिहून मोकळा झालेलो!

सरांनी सॅटेलाइटच्या याद्या तपासल्या. त्या वेळी तिथे काहीच नव्हतं. दोन गावांतून एकाच जागी दिसला म्हणजे ड्रोनही नव्हे, बराच लांबचा... असं म्हणत ते आमच्या दोघांच्या नावाने आकाशनिरीक्षकांच्या मोठ्या मंडळाकडे रिपोर्ट पाठवायला निघाले. आता मात्र माझी टरकली. खोटेपणा माझा आणि नाव सुलभाताईंचं खराब होणार. कबूल करावं तर फोन बंद. तीन दिवस मी गच्चीवर जाऊन सात बेचाळीसची वाट पाहिली. काही नाही.

चौथ्या दिवशी सुलभाताईंना सांगून टाकलं — लिफ्ट, पायजमा, सव्वासातचा फोटो. नोंद का रचली, तेही. 

सरांना सांगून रिपोर्ट मागे घेतला. फोन अजून येतो. पण तो ठिपका काय होता, मला आधी कुठून सुचला, याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. त्या दिवशी माझी कबुली ऐकून सुलभाताई बोलल्या त्या एवढंच —

"म्हणजे तुम्हाला आधी कळलेलं, आणि तरी तुम्ही जिने चढायचा कंटाळा केलात?"