बंबावरचे अण्णा

अण्णांना भुवया जवळजवळ नव्हत्याच. ऐन उमेदीत भट्टीच्या तोंडाशी उभं राहून त्या इतक्यांदा होरपळल्या की शेवटी त्यांनी उगवायचा नाद सोडून दिला. त्यामुळे अण्णा रागावलेत की नाहीत, हे घरात कुणालाच चेहऱ्यावरून कळायचं नाही.

अण्णा रेल्वेत फायरमन होते. वाफेच्या इंजिनात ड्रायव्हरच्या मागे उभं राहायचं, फावड्याफावड्यानं भट्टीत कोळसा टाकायचा आणि वाफ पडू द्यायची नाही, हे त्यांचं काम. घरी यायचे ते फक्त दात आणि डोळे पांढरे घेऊन. मोरीत बसून अंग घासायचे, पाणी काळं वाहायचं थांबेपर्यंत. मग देवापुढे बसून समई लावायचे. तीही अशी, की वात एका काडीत धरलीच पाहिजे.

त्यांची बायको तोंडाची फटकळ. इंजिनाला ती इंजिन म्हणायचीच नाही. "गेले आमचे बंब पेटवायला," म्हणायची. मोरीत आंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता, त्याच्यासाठी दोन ढेकळं कोळसा आणा म्हणून ती मागे लागायची. शेजारणींचे नवरे आणत होतेच.

"त्या बंबाचं त्या बंबात," अण्णा म्हणायचे.

"हो, आणि आमच्या बंबात काय, तुमची तत्त्वं घालू?"

घरात हाच शब्द रुळला. अण्णा कुठे आहेत? बंबावर. मुलगीही हेच बोलत मोठी झाली.

मुलगी पुढे शाळेत शिवण शिकवायला लागली. तिला बघायला मंडळी आली त्या दिवशी अण्णा कामावर होते. होणाऱ्या सासूबाईंनी विचारलं, "वडील दिसत नाहीत?" तिच्या तोंडून सवयीनं गेलं, "बंबावर आहेत."

सासूबाईंनी हातातली बशी खाली ठेवली. त्यांच्या माहेरचं घर एकदा पेटलं होतं, आणि बंबवाल्यांनी त्यांच्या आईला खांद्यावर घालून बाहेर काढलं होतं. तेव्हापासून आग विझवणारा माणूस म्हणजे त्यांच्या लेखी देवाच्या खालोखाल. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "अशा माणसाची मुलगी आमच्या घरी येणार!"

तेव्हाच एक वाक्य बोलायला हवं होतं. ते तिच्या जिभेवर आलंही. पण समोरच्या बाईचे डोळे भरून आले होते, आणि कोळशापेक्षा हे बरं दिसतंय, असंही आत कुठेतरी वाटलं. ती गप्प राहिली. लग्नानंतर नवऱ्याला तिनं खरं सांगितलं. तो हसत सुटला. म्हणाला, "आईला नको सांगूस. तिचा देव्हारा मोडेल." रेल्वेचाही स्वतःचा बंब असतो, हे सासूबाईंनी परस्पर ठरवून टाकलं होतं, त्यामुळे पुढे काही अडलंही नाही.

अण्णा वर्षा-दोन वर्षांनी यायचे. सासूबाई त्यांना पाटावरून हलू द्यायच्या नाहीत.

"अण्णा, खरं सांगा, आगीची भीती नाही वाटायची?"

"आग मंदावली की वाटायची, विहीणबाई."

"ऐकलंत? काय माणूस आहे!"

"आणि घाई किती असेल!" सासूबाईच पुढे विचारायच्या.

"उशीर झालेला चालायचा नाही, एवढं खरं."

असं चाललं की तिचे कान तापायचे. ती उगाच आत जाऊन धुतलेली भांडी परत धुवायची. अण्णा साधे आहेत, त्यांना कळत नाही, बरंच आहे, अशी मनाची समजूत घालायची.

या खेपेला अण्णा मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायला आले होते. आयुष्यात कधी काही न मागणारा माणूस, डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर म्हणाला, "तुमच्या इथं जुनी इंजिनं उघड्यावर मांडून ठेवलीत म्हणे. एकदा जाऊ या का?"

सासूबाई देवळात जातात ती वेळ तिनं मुद्दाम धरली. पण निघताना बघते तर सासूबाई चपला घालून दारात.

"आई, तुमचं देऊळ?"

"देव काय पळून जातोय? पाहुण्याला एकटं धाडायचं का?"

वाटभर तिनं मनातल्या मनात एकच म्हटलं. देवा, आज निभावून ने.

संग्रहालय म्हणजे एक मोठं मैदान होतं. झाडांखाली, गवतात अंथरलेल्या रुळांच्या तुकड्यांवर इंजिनं उभी होती. काळा रंग ताजा, चाकं मात्र जमिनीत गंजून बसलेली. लाकडी डबे होते, त्यांच्या झडपा बंद. मालगाडीच्या वाघिणी होत्या, एक हातानं फिरवायची क्रेन होती. फाटकाशी एक रखवालदार खुर्चीत बसून पाय हलवत होता.

अण्णांची चाल बदलली. घरात भिंतीला धरून चालणारा माणूस इथे हात मागे बांधून भराभर निघाला. एका इंजिनापाशी थांबला. बाजूच्या लोखंडी दांडीवर त्यांनी तळवा ठेवला आणि वर, ड्रायव्हर उभा राहतो त्या जागेकडे पाहत राहिले. ओठ हलत होते. नमस्कार म्हणत होते की नुसतंच पुटपुटत होते, कोण जाणे.

"विचार गं, चढता येतं का वर?" ते म्हणाले.

ती रखवालदाराला विचारायला वळली, तेवढ्यात पलीकडून हाक आली.

"अण्णा! अहो अण्णा, इकडे या! तुमचा बंब!"

डब्यांच्या रांगेपलीकडे खरोखरच एक बंब उभा होता. लाल, बुटका, बाजूला शिडी, पुढे पितळी घंटा. सासूबाईंना जणू घरचं माणूस भेटलं होतं. तिथे एक कुटुंब फोटो काढत होतं, त्यांना त्या सांगत होत्या, "हे आमचे व्याही. सगळा जन्म बंबावर काढला. भुवया बघा, जळून गेल्यात. माणसं वाचवताना."

"बापरे!" त्या कुटुंबातला माणूस म्हणाला आणि डब्यांना वळसा घालून येऊन अण्णांच्या पाया पडायला वाकला.

अण्णांचा हात इंजिनाच्या दांडीवरच होता. त्यांनी बंबाकडे पाहिलं, मग मुलीकडे. तिनं मान खाली घातली. तिच्या लक्षात आलं की त्या नजरेत नवल नव्हतंच. अण्णांना माहीत होतं. पाटावर बसून दिलेली ती सगळी उत्तरं तिला एकापाठोपाठ एक आठवली. आग मंदावली की भीती वाटायची, उशीर चालायचा नाही. एकातही खोटं नव्हतं. एवढी वर्षं अण्णा शब्द तोलून तोलून बोलत होते, तिला सांभाळत, आणि आपली जीभही विटाळू न देता.

"उभे राहा ना घंटेपाशी," सासूबाई म्हणाल्या. "फोटो काढू."

अण्णा दांडी सोडून निघाले. बंबापाशी जाऊन सरळ उभे राहिले.

"आजोबा, किती आगी विझवल्या असतील?" त्या माणसानं विचारलं.

अण्णांनी घसा साफ केला. या प्रश्नाला दोन अर्थांचं उत्तर नव्हतं.

"पुष्कळ," ते म्हणाले.

फोटो निघाला. ते कुटुंब पुढे गेलं. अण्णा खिशातून रुमाल काढून तोंड पुसत राहिले, तोंडाला काही लागलेलं नसताना. मग म्हणाले, "चला, ऊन चढलं."

"आणि वर चढायचं?" तिनं विचारलं.

"राहू दे. बघितलं की."

तिला वाटलं, जमिनीनं आपल्याला पोटात घ्यावं. ज्या माणसानं कोळशाचं ढेकूळ घरी आणलं नाही, त्याला आपण भर उन्हात उभं करून खोटं बोलायला लावलं. तेही त्याच्या इंजिनाच्या डोळ्यांदेखत.

"आई," ती म्हणाली. "अण्णा बंबावर नव्हते. इंजिनावर होते. कोळसा टाकायचे. आम्ही घरात इंजिनाला बंब म्हणायचो. तुम्हाला वेगळं वाटलं आणि मी वाटू दिलं."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग अण्णांकडे.

"अगं, म्हणजे हे आग लावायचे?"

"लावायचो," अण्णा म्हणाले. आणि मुलीला, हळूच, पण कडक, "आत्ता कशाला?"

"आणि मी गावभर सांगत सुटले," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला. "आत्ता त्या परक्या माणसाला पायावर घातलं मी यांच्या. माझं हसं झालं ते झालं. पण तू, बाई, बापाला लपवलंस? तेही माझ्या आडून?"

सासूबाईंनी पदर खोचला, अण्णांना म्हणाल्या, "चला, दाखवा कुठलं ते," आणि स्वतःच इंजिनाकडे निघाल्या. रखवालदारानं आधी नकाराची मान हलवली, मग त्यांचा आवाज ऐकून शिडीची साखळी काढून दिली.

अण्णा वर चढले. सासूबाई खालून विचारत होत्या. कोळसा कुठून घ्यायचा? दार कोण उघडायचं? पाय भाजायचे नाहीत? अण्णा एकेका शब्दात सांगत होते. हळूहळू दोन शब्द, तीन शब्द. ती बाजूला, झाडाच्या सावलीतसुद्धा न जाता, उन्हात उभी होती. विचारावं असं तिला काही सुचेना. आपल्या बापानं आयुष्य घालवलं ती जागा ती प्रथमच बघत होती.

"तू सांग ना गं," सासूबाई वळून म्हणाल्या. "हे गोल कसलं? तुला तर लहानपणापासून माहीत असेल."

तिला माहीत नव्हतं.

"तिला कसं ठाऊक असणार," अण्णा वरून म्हणाले. "मी कधी इंजिनांच्या शेडमध्ये नेलंच नाही तिला. वेळ कुठे असायचा."

हेही खोटं होतं. शाळेच्या प्रत्येक सुट्टीत त्यांनी बोलावलं होतं. फ्रॉक काळा होईल, मैत्रिणी बघतील, म्हणून तीच गेली नव्हती.

"बोलावलं होतं त्यांनी," ती म्हणाली. "मीच आले नाही."

अण्णांनी वाकून भट्टीचं जड दार ओढायला घेतलं. ते रंगानं चिकटून बसलं होतं, हलेना. ती शिडीपाशी गेली, साडीच्या निऱ्या एका हातात धरल्या आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.