शेडमधली फोडणी

लंडनच्या पिनर उपनगरातले आमचे शेजारी फार गोड बोलतात. प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘काय आहे ना’. मागच्या बागेतल्या लाकडी शेडमध्ये, म्हणजे गवत कापायचं मशीन ठेवायच्या जागेत, त्यांनी एक नवरा-बायको भाडेकरू म्हणून ठेवलेत. शेडला खिडकी नाही. गादीला खेटून हीटर, हीटरला खेटून शेगडी. जीव जाईल एखाद्याचा! पण यांचं आपलं, ‘काय आहे ना, आपलीच माणसं, ॲडजस्ट करतात.’

रविवारी शेडच्या उघड्या दारातून शेजारी आत स्टुलावर चढून स्मोक अलार्म काढताना दिसले. मी कुंपणावरून ओरडलेच, “अहो, हे काय करताय?”

“काय आहे ना, यांनी फोडणी घातली की हा बोंबलतो. आमची दुपारची झोपमोड होते.”

“तुमच्या किचनमधला नाही बोंबलत?”

“बोंबलतो की! पण काय आहे ना, आम्ही खिडकी उघडतो.”