भिवाचं चोपणं

निरोप आला तेव्हा मी कळंबच्या बाजारात होतो. "पोशीरच्या भिवाला खळ्यावर तिघा चोरांनी मारला. डोक्यात चोपणं घातलं." दुःखाआधी मला संतापच आला. तीन भुरटे भातचोर, आणि आमचा भिवा त्यांच्या हातून मेला? शक्यच नाही! ज्याचा हात मी फ्रान्सच्या खंदकात चालताना पाहिला होता, तो माणूस...

चोपणं म्हणजे खळ्याची माती बडवायचं जड लाकडी बडवणं. भात झोडण्याआधी दरवर्षी खळं चोपायचं. आवाज पोकळ येतोय तोवर त्याच जागी हाणत राहायचं, घट्ट आला की पुढं सरकायचं. भिवाचा हात लहानपणापासून त्याच तालावर बसलेला.

महायुद्धात आम्ही दोघं एकाच पलटणीत होतो. शत्रूच्या खंदकात गुपचूप शिरायचं तर बंदूक उपयोगाची नाही, म्हणून साहेबाने आम्हाला दांडके वाटले. टोकाला लोखंडी गोळा, त्यावर खिळे. "मारुतीरायाची गदाच की रं!" म्हणून भिवा हसला होता. पहाटेच्या धुक्यात आम्ही आत उड्या टाकल्या. भिवाने पहिल्याचा जबडा उडवला, दुसऱ्याची कवटी नारळासारखी फोडली. तिसऱ्याने गुडघे टेकून हात वर केले होते. भिवाने त्यालाही हाणला, आणि हाणतच राहिला... तोंड उरलं नाही, डोकं उरलं नाही, तरी दांडका वरखाली चालूच. शेवटी मी मागून मिठी घालून त्याला ओढला. तो ताल माझ्या ओळखीचा होता. अहो, खळं चोपत होता तो!

घरी परतल्यावर त्याने चोपण्याला हात लावला नाही. त्याची बायको सगुणा खळं चोपायची आणि गाव त्याला हसायचं. एकदा मी डाफरलो, तर म्हणाला, "हात सुरू झाला ना, मंग थांबत नाय रं. तुला ठावं हाय."

दिवसांना गेलो तेव्हा सगुणाने सगळं सांगितलं. "भावजी, एकानं माजं केस धरलं तवा यांनी चोपणं उचललं व्हतं. मंग आपल्याच हाताकडं बघितलं नि लांब फेकून दिलं. म्हनले, भात न्या, तिला सोडा. त्यांनी मला सोडलं, पर त्येच चोपणं उचलून..."

एक टोला, भिवा! एकच टोला हाणून थांबायचं होतंस, गाढवा! पण एकावर थांबता येत नाही, हेच तर तो इतकी वर्षं सांगत होता.

चोरांनी नेऊन उरलेलं भात झोडायचं राहिलंच होतं. मी चोपणं धुतलं आणि खळं पुन्हा चोपायला घेतलं. भिवा पडला तिथली माती रक्ताने भिजून फुगली होती. पहिल्याच टोल्याला आवाज पोकळ आला. रीतीप्रमाणे तिथंच हाणत राहायचं. मी चोपणं पुन्हा वर उचललं.

"भावजी, बास," सगुणा म्हणाली.

मी थांबलो. खळ्यात तेवढी हातभर जागा अजून कच्ची आहे. तिथल्या भेगांत दाणे जातात... जाऊ देत.