मोकळी मोजणी

पुण्यातल्या ज्या कंपनीनं मला काढलं, तिच्याबद्दल मला अजून चांगलं बोलता येत नाही. घरचे म्हणतात, आता सोडून दे. मी सोडत नाही. तिथं आम्ही एका जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती करत होतो. मी घसा कोरडा करून सांगत होते, की लोकांचे जुने प्रोग्राम आज चालतात तसेच उद्याही चालले पाहिजेत. कुणी ऐकलं नाही. गिऱ्हाइकांकडची कामं अडली तेव्हा साहेब भर मीटिंगमध्ये म्हणाले, "त्यांची वापरायची पद्धतच चुकीची आहे." आठवड्याभरात ती चूक माझ्या नावावर गेली आणि मी घरी.

घर म्हणजे कार्ला. गडाच्या पायथ्याशी भाताची दोन वावरं आणि रस्त्याकडेला आईचा मक्याच्या कणसांचा स्टॉल. बसमधून उतरणाऱ्यांशी घासाघीस करत मी वाढले. तेच कसब घेऊन आंबीच्या औद्योगिक वसाहतीतले कारखाने फिरले आणि जुन्या मशीनांमधले कॉम्प्युटर दुरुस्त करायची कामं धरली.

त्यातलं पहिलं मोठं काम तारेच्या क्लिपा बनवणाऱ्या एका कारखान्याचं. सहा मशीनं, प्रत्येकीच्या पोटात एक जुना बोर्ड. बटणं वाचणं, मोटर फिरवणं, वेळ पाळणं, हे सगळं त्यावरची एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम बघायची. तसे बोर्ड आता मिळत नव्हते. नव्या बोर्डावर ती सिस्टिम नव्यानं बसवायची होती. पण क्लिपांचे जुने प्रोग्राम, प्रत्येक मापाचा एक, त्यांना हात लावायचा नव्हता.

"मशीन किती दिवस बंद ठेवणार?" मालकांनी विचारलं.

"एकही नाही. तुमची गुरुवारची सुट्टी मला द्या. पाच गुरुवार."

"तीन. पाच गुरुवारांत लोक लग्न ठरवून उरकतात, मॅडम."

"लग्नात जुनं सगळं होतं तसं चालू ठेवायचं नसतं. पाच. आणि मी काम करताना आत कुणी नको."

पाच मिळाले. सौदा जिंकला म्हणून मी खुशीत होते.

जुना कोड कुणी लिहिला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मी तो ओळीओळीनं उलगडला. जुना प्रोग्राम सिस्टिमला ज्या हाकेनं बोलावतो ती हाक तशीच ठेवली आणि आतलं सगळं नव्यानं लिहिलं. एका ठिकाणी तारीख चुकीची छापली जायची. तीही तशीच ठेवली, कारण एका प्रोग्रामनं त्या चुकीला धरून पुढचा हिशेब मांडला होता. पुण्याच्या साहेबांनी हे बघायला हवं होतं, असं मनात आलं.

एकच गोष्ट काढून टाकली. चालू करायचं बटण दाबलं की सिस्टिम एका मोठ्या आकड्यापर्यंत नुसतीच मोजत बसायची. त्या मोजणीतून निघायचं काहीच नाही. कुणीतरी विसरून ठेवलेलं दिसतंय, म्हटलं, आणि पुसलं. जुनं आणि नवं शेजारी ठेवून सगळे प्रोग्राम चालवले. क्लिपा मापून पाहिल्या. केसाचाही फरक नव्हता.

पाचव्या गुरुवारी सहाही मशीनांत नवे बोर्ड बसवले. शुक्रवारी सकाळी आबा आले. पहिल्या मशीनवर बावीस वर्षं काम केलेले, डोंगरावरच्या वाडीतून चालत खाली येणारे. दर गुरुवारी शिरगावला साईबाबांच्या दर्शनाला जाणार म्हणजे जाणार. त्यामुळं माझ्या पाच गुरुवारांत आमची गाठच पडली नव्हती. त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला, तार लावली आणि बटण दाबलं. तार कापून वाकवणारा वरचा पंच धाडकन खाली आला. आबांनी हात मागं ओढला. हातमोज्याच्या बोटाचं टोक खालीच राहिलं.

त्यांनी हातमोजा काढून बोटं बघितली. पाचही होती.

मी घाबरले, आणि घाबरले की मी ओरडते. "आबा, पंचापुढची जाळी वर कशाला बांधून ठेवलीय? चालू मशीनमध्ये हात घालतात का?"

"तारेचं टोक सरळ कराया लागतं, ताई. बटन दाबलं की ही जरा दम खायची. तवर हात भाईर यायचा."

"दम खायची म्हणून काय झालं? तुमची पद्धतच चुकीची आहे!"

वाक्य तोंडातून सुटलं आणि ते कुणाचं आहे हे मला लगेच कळलं.

आबा शांतपणे म्हणाले, "आसंल. पर पद्धत हिनंच शिकवली. म्या काय आईच्या पोटातून शिकून न्हाई आलो."

तेवढ्यात मालक आले. "काय झालं?"

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं: जाळी बांधलेली होती. ते खरंही होतं. तेवढं बोलले असते तर माझं काम टिकलं असतं आणि आबांना मशीनवरून उठवलं असतं. त्या फाटक्या मोज्याकडे बघून मी म्हणाले, "चूक माझी. जे काढायला नको होतं ते मी काढलं."

"मग दुसऱ्या कुणाला बोलावू का?"

उत्तर दिलं ते आबांनी. "दुसरा आला तर त्यालाबी हे ठावं नसंल. ह्यास्नी आता ठावं झालंय. दर येनाऱ्याला शिकवाया माज्याकडं धाच बोटं हायती, मालक."

मालकांना हसू आवरलं नाही. काम माझ्याकडंच राहिलं.

नव्या बोर्डावर मी ती उसंत परत घातली. पण आता मोकळी मोजणी नव्हे, ती या वेगवान बोर्डावर क्षणात संपली असती; तर घड्याळ लावून, आणि ती कशासाठी आहे ते वर साध्या शब्दांत लिहून. शिवाय दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय पंच खाली येणार नाही, अशी सोय मालकांशी भांडून करून घेतली.

"आन् टोक काय नाकानं सरळ करू?" आबा म्हणाले.

"लांब पकडीनं, आणि बटण दाबायच्या आधी."

महिनाभर कुरकुरले, मग पक्कड हातात बसली. तरी उसंत मी काढलेली नाही.

पण या सगळ्याआधी, जुने बोर्ड तात्पुरते परत लावून, उसंत बसवायला सहावा गुरुवार मागून घेतला होता. सकाळी गेले तर कारखान्याच्या दारात आबा उभे. मी बोलावलं नव्हतं.

"आबा, आज शिरगाव?"

"बाबा कुटं जात न्हाईत. उद्या कामावरनं सुटल्यावर जाईन, गर्दीबी नसती. चला, माणूस बसवल्याबिगर मशीन कळतीय व्हय?"

दिवसभर ते सहाही मशीनांवर एकेक करून बसले. बटणं दाबायची, मान तिरकी करून ऐकायचं. "ही जरा घाई करती." मी उसंतीचा आकडा वाढवायचा. "ही आता बरूबर." सहाव्या मशीनवर त्यांनी डबा उघडला, तांदळाची अर्धी भाकरी माझ्यापुढं धरली आणि म्हणाले, "खा. मंग परत एकदा पहिलीपास्नं."