कांद्याच्या चाळीतल्या बॅटऱ्या

दर शनिवारी सकाळी मी बॅटऱ्यांना हात लावते. एकेक उचलून मांडीवर घेते, चारी अंगांनी तळवा फिरवते आणि मग बटण दाबून दिवे बघते. चारपैकी दोन दिवे लागले पाहिजेत. दोनच. नवरा चहा पिता पिता विचारतो, "झाल्या का गं पोरांच्या अंघोळी?" मी लक्ष देत नाही. दिवे बघायला मला ड्रोनच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं. हात फिरवायला शिकवलं माझ्या सासूनं. त्यांना जाऊन आता दोन पावसाळे झाले.

मी त्यांना आत्या म्हणायची. आमचं गाव महाळुंग्याला लागून. आता चारी बाजूंनी कंपन्या आहेत, पण मी लग्न होऊन आले तेव्हा घरामागच्या रानात कांदा असायचा आणि परड्यात कांद्याची चाळ. गुडघाभर उंच विटांचे खांब, त्यावर बांबूच्या पट्ट्यांची जमीन, भिंतीही पट्ट्यांच्याच, वर कौलं. खालून-वरून वारं खेळायचं. दर आठवड्याला आत्या मला घेऊन कांदे निवडायला बसायच्या. मला त्या वासाचा असा वीट यायचा की काय सांगू! आत्या मात्र कांद्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत. तोंडानं गावभरच्या गप्पा आणि हातानं काम. चांगला असला की "ठिवा", मऊ लागला की "काढा".

"न बघता कसं कळतं हो तुम्हाला?" मी एकदा चिडून विचारलं.

"डोळ्याला कांदा सोंग दावतो गं," आत्या म्हणाल्या. "हाताला न्हाई दावत."

मग जमीन कंपन्यांना गेली. कांदा गेला. चाळ रिकामी झाली, तरी आत्या ती रोज झाडायच्या आणि दुपारची तिथंच बसायच्या. नवऱ्याला चाळ पाडून भाड्याच्या खोल्या काढायच्या होत्या. सगळ्या गावानं काढल्या होत्या, कंपनीतली पोरं दारात खोली विचारत यायची. मी नवऱ्याच्या बाजूची. मी तोंडाची फटकळ, जेवताना सगळ्यांसमोर बोलून मोकळी झाले, "रिकाम्या चाळीची काय पूजा घालायचीय का?" आत्यांनी ताट घासून ठेवलं आणि झाडू घेऊन चाळीकडे गेल्या. अजून ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

त्याच वर्षी आमच्या बचत गटाला फवारणीचा ड्रोन मिळाला आणि तो चालवायला मी शिकले. सहा बॅटऱ्या, एकेक दोन विटा जोडल्याएवढी. शिकवणारे सर लातूरकडचे होते. ते घसा कोरडा करून सांगायचे, "ताई, ड्रोन पडला तर दुरुस्त होतो. बॅटरी जपा." थंड, कोरडी, हवेशीर जागा. एकमेकींना चिकटवून ठेवायची नाही. आणि नुसती ठेवायची असेल तेव्हा पूर्ण भरलेली नको, पूर्ण रिकामी नको, अर्धीच. गटानं मला स्पष्ट सांगितलं होतं, उन्हाळाभर बॅटऱ्या धड राहिल्या तर ड्रोन तुझ्याकडे, नाहीतर शेजारच्या गावाला. आणि मला तो हवा होता हो! चाळिशीत पहिल्यांदा लोक मला माझ्या कामावरून ओळखायला लागले होते.

एप्रिलमध्ये आमच्या स्लॅबच्या घरात रात्रीसुद्धा भिंतीला हात लावू वाटायचा नाही. पलंगाखाली ठेवलेल्या बॅटऱ्या दुपारी कोमट लागायच्या. पत्र्याच्या शेडचं तर नावच नको. सगळं घर हुडकून झालं आणि शेवटी मी मुकाट्यानं आत्यांसमोर जाऊन उभी राहिले.

"चाळीत ठेवू का बॅटऱ्या?"

"रिकाम्या चाळीत?" आत्यांनी विचारलं. डोळे असे बारीक करून हसल्या की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण लगेच उठल्या, फळी पुसली, दोन-दोन विटांचे आडोसे करून सहा खण पाडले. गारव्याला खाली पाणी शिंपडायला निघाल्या तेव्हा मी अशी ओरडले की शेजारीण बाहेर आली.

अर्ध्याचं मात्र त्यांना पटेना. "लेकरं अर्धपोटी ठिवायची व्हय? सासुरवास हाय का ह्यो?"

मी समजावलं. उद्या उडवायची असेल तर आदल्या दिवशी पूर्ण भरायची. नुसती पडून राहणार असेल तर अर्धी, नाहीतर आतून खराब होते, फुगते. आत्यांनी ते पाठ केल्यासारखं दोनदा म्हटलं, "उडवायचं आसंल तर पोटभर. ठिवायचं आसंल तर अर्धं."

चूक झाली ती माझी, त्यांची नाही. मे महिन्यात एका फवारणीसाठी मी सगळ्या बॅटऱ्या पूर्ण भरल्या, वारा सुटला आणि काम रद्द झालं. त्या पुन्हा अर्ध्यावर आणायच्या होत्या. पण पुनावळ्याला बहिणीकडे लग्न होतं. म्हटलं, चार दिवसांनी काय होतंय! चाराचे आठ झाले. परत आले तर आळंदीजवळच्या एका शेतकऱ्याचा फोन, उद्या सकाळीच ऊस फवारायचाय. मी धावतच चाळीत गेले.

फळीवर पाचच बॅटऱ्या. सहावी आत्यांच्या मांडीवर, पदराखाली.

"ही न्हाई द्यायची."

मी निरखून बघितलं. काही दिसेना. बटण दाबलं, तीन दिवे लागले. "आत्या, तो कांदा नाहीये! द्या इकडं, चार्जिंगला लावायचीय."

"न्हाई."

माझं डोकंच फिरलं. "चाळ तर जाणारच आहे तुमची. आता माझ्या बॅटऱ्या कशाला धरून बसलाय?"

बोलले आणि जीभ चावली. आत्या रागावल्या नाहीत. त्यांनी माझा हात धरला, फळीवरच्या एका बॅटरीवर ठेवला आणि सावकाश फिरवला. सपाट. दुसरीवर. सपाट. मग मांडीवरच्या बॅटरीवर. तव्यावरची भाकरी फुगायला लागताना पापुद्रा जेवढा उचलतो, तेवढाच उचललेला. डोळ्याला न दिसणारा, पण हाताला लागणारा.

फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावल्यावर काय होतं, त्याचा व्हिडिओ सरांनी दाखवला होता. मी ती इथंच लावणार होते, या वाळक्या बांबूंच्या मध्ये, आणि आत्या शेजारी बसलेल्या असणार होत्या. मी खालीच बसले आणि रडायला लागले.

"आगं, येक नासका निघाला," आत्या म्हणाल्या. "आढी न्हाई नासली."

ती बॅटरी आम्ही घमेल्यातल्या वाळूत घालून घरापासून लांब मोकळ्यावर ठेवली. नंतर ड्रोनच्या कंपनीचा माणूस येऊन घेऊन गेला. ऊस मी पाच बॅटऱ्यांवर फवारला. आणि त्याच दिवशी नवऱ्याला सांगितलं, चाळ पाडायची नाही.

"अगं, तूच म्हणत होतीस ना?"

"म्हणत होते. आता नाही म्हणते."

महिनाभर घरात धुसफुस चालली. शेवटी रस्त्याकडची अर्धी चाळ गेली, तिथं खोल्या झाल्या. अर्धी राहिली. ड्रोनही आमच्याकडेच राहिला. शनिवार आत्यांचा झाला. हात फिरवायचा आणि म्हणायचं, "ठिवा."

पुढं एका वर्षी त्यांनी अंथरूण धरलं तोही उन्हाळाच होता. घरात जीव घाबरतो म्हणाल्या, म्हणून खाट चाळीत टाकली, बॅटऱ्यांच्या शेजारी. मी दुधात कुस्करून भाकरी न्यायची. त्या अर्धी खायच्या आणि वाटी सारायच्या. एक दिवस मी चिडलेच. "हे चालणार नाही आत्या. पोटभर खा, म्हणजे उठून बसाल."

आत्या हसल्या. डोळे तसेच बारीक. "पोटभर कशाला गं पोरी? मला आता कुठं उडायचंय? ठिवलंय तवर अर्धंच बरं."

उरलेली भाकरी मी तिथंच बसून खाल्ली. खाताना पाठीवर हात आला. आत्यांनी वरपासून खालपर्यंत सावकाश तळवा फिरवला आणि म्हणाल्या, "चांगली हाय. ठिवा."