मुजुमदारांचं हरिकेन

दिनकर मुजुमदार छप्पन्न वर्षांचे झाले तरी विमानात बसले नव्हते. दिल्लीच्या एका मंत्रालयात ते सेक्शन ऑफिसर होते आणि सरकार त्यांना रेल्वेने पाठवायचं. पण त्यांच्या वरच्या साहेबांच्या खोलीत, काचेच्या पेटीत, एक लढाऊ विमान होतं. दुसऱ्या महायुद्धातलं हरिकेन, हातभर लांब, हिरव्या आणि मातकट रंगाचं. साहेब बदलत गेले, विमान तिथेच राहिलं. अकरा वर्षं मुजुमदार फाईल घेऊन उभे राहायचे आणि सही होईपर्यंत त्या विमानाकडे बघायचे. काही साहेब फार सावकाश वाचत, त्यामुळे मुजुमदारांना त्या विमानाचा खिळा न् खिळा पाठ झाला होता.

अठ्ठ्याण्णव साली त्यांचा पुण्याचा पुतण्या विनय गुडगावच्या एका नव्या काचबंद ऑफिसात नोकरीला लागला. वर्षभरात तो कंपनीच्या कामाला सिंगापूरला जाऊन आला आणि येताना रेडिओवर उडणारं एक छोटं विमान घेऊन आला. दोन रविवारांत त्याची हौस फिटली.

"काका, मला टाइमच नाही यार," सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये खोका ठेवत तो म्हणाला. "तुम्ही उडवा. इंजिन आहे, रेडिओ आहे, सब कुछ आहे."

रेडिओ म्हणजे गळ्यात अडकवायचा एक डबा, त्याला दोन काड्या. उजवी काडी डावी-उजवीकडे ढकलली की विमान त्या बाजूला कलतं. खोक्यातलं विमान शिकाऊ होतं, उंच पंखांचं, भोळंभाबडं, दिसायला अगदी स्कूटरवर भाजी घेऊन चाललेल्या माणसासारखं. मुजुमदारांनी ते माळ्यावर टाकलं. त्यांना हवं होतं हरिकेन. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

विनयकडून नकाशा, दुसरं इंजिन आणि बाल्साचं हलकं लाकूड मागवून ते मागच्या व्हरांड्यात कामाला लागले. सात महिने घरात एरंडेलाचा वास होता, कारण त्या इंजिनाच्या इंधनात एरंडेल असतं. पंखांवर हिरवं प्लास्टिक इस्त्रीने चिकटवावं लागतं, ते त्यांनी घरच्याच इस्त्रीने चिकटवलं. दुसऱ्या दिवशी बायकोच्या, म्हणजे हेमलताबाईंच्या, मोतिया रंगाच्या साडीवर हिरवा त्रिकोण उमटला.

हेमलताबाई भांडल्या नाहीत. उलट सरोजिनी नगरच्या बाजारातून अंगठ्याएवढी एक बाहुली आणून त्यांनी तिला मिशा काढल्या आणि वैमानिक म्हणून विमानात बसवली. मात्र मुजुमदारांनी विमानासाठी लाकडी पेटी करून तिच्यावर ऑफिसच्या पद्धतीने चिठ्ठी डकवली, 'हरिकेन, मालक : दि. गो. मुजुमदार', तेव्हा हेमलताबाईंनी चष्मा पुसून ती चिठ्ठी नीट वाचली.

"छान," त्या म्हणाल्या. "घर सरकारचं, विमान तुमचं आणि इस्त्री माझी."

ऑक्टोबरातल्या एका रविवारी हरिकेन निघालं. पेटी स्कूटरच्या पायाशी आणि साडेचार फुटांचा पंख मागे बसलेल्या हेमलताबाईंच्या हातात, झेंड्यासारखा उभा. त्यांना विमानात काडीचाही रस नव्हता, पण पंख धरायला दुसरं कोण येणार? धौला कुआँच्या सिग्नलला एका बसमधली सगळी माणसं एका बाजूला येऊन बघत होती.

गुडगावच्या पलीकडे एका बिल्डरने सरसोंची, म्हणजे मोहरीची, शेतं विकत घेऊन सपाट करून ठेवली होती. टॉवर अजून कागदावरच होते. त्या जागेची राखण मारुतराव कदम करत. ते मूळचे सांगलीकडचे, हवाई दलात वीस वर्षं विमानांची इंजिनं दुरुस्त केलेले. अशी छोटी विमानं तेही उडवत, आणि विनयने दोन रविवार त्यांच्याकडेच काढले होते. त्यांनी हरिकेन हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं.

"काम एक नंबर आहे, साहेब. पण आज हे उडणार नाही."

"का? काय कमी आहे?"

"विमानात काही नाही. तुमच्यात आहे," मारुतराव म्हणाले. "लढाऊ विमान चूक माफ करत नाही. आधी ते शिकाऊ विमान आणा आणि दहा वेळा धड परत आणून दाखवा. मग हे. आणि लवकर करा. डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी इथे कुंपणाचे पत्रे ठोकणार आहेत. त्यानंतर कुणालाच आत सोडता येणार नाही."

दिल्लीच्या आसपास दुसरी जागा मुजुमदारांना माहीत नव्हती. म्हणजे हातात सात-आठ रविवार, दहा फेऱ्या, आणि मग हरिकेन. ते त्याच दुपारी माळ्यावर चढले.

विमान जाताना छान जायचं. घोटाळा व्हायचा परत येताना. पाठमोऱ्या विमानाचा उजवा पंख आपल्या उजव्या हाताला असतो. ते तोंड फिरवून आपल्याकडे यायला लागलं की सगळं उलटं होतं. आपण उजवीकडे म्हणून काडी ढकलतो आणि ते आपल्या डावीकडे कलतं. मुजुमदार घाबरून आणखी ढकलायचे, आणि विमान ढेकळांत नाक खुपसायचं. पहिल्या तीन रविवारांत धड परतलेल्या फेऱ्या शून्य.

"आपल्या माणसांचं असंच," पानिपताच्या दिशेला हात करून मारुतराव म्हणाले. "जाताना शिस्तीत जातात."

मुजुमदार सरकारी माणूस. अडचण आली की परिपत्रक काढायचं, हे त्यांच्या रक्तात भिनलेलं. त्यांनी रेघी कागदावर सुवाच्य अक्षरात नियम लिहिले. 'विमान समोरून येत असल्यास व त्याचा डावा पंख खाली गेल्यास...' अशी कलमं एक ते सहा, पोटकलमांसह, आणि तो कागद रेडिओच्या डब्यावर चिकटवला. चौथ्या रविवारी विमान समोरून आलं तेव्हा ते कलम चार वाचत होते. वर बघेपर्यंत विमान बाभळीत होतं.

हेमलताबाई सतरंजीवर बसून हे सगळं बघत होत्या.

"त्यात वाचायचं काय?" त्या म्हणाल्या. "लेझीम शिकवताना मी मुलांकडे तोंड करून उभी असते. त्यांना उजवा हात वर करायला लावायचा, तर मी डावा वर करते. ती मुलं दिल्लीची, उजवं-डावं म्हटलं तर माझ्या तोंडाकडे बघतात. म्हणून बोलायचंच नाही. बघायचं आणि करायचं."

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत बावीस वर्षं त्या लेझीम बसवत होत्या, हे मुजुमदारांना ठाऊक होतं. पण लेझीम वेगळी आणि विमानविद्या वेगळी, असं त्यांचं ठाम मत होतं.

मारुतरावांचं तसं नव्हतं. त्यांनी बाभळीतून विमान काढलं, पंखाचे रबरबँड बदलले, विमान वर नेऊन सरळ केलं आणि डबा हेमलताबाईंच्या गळ्यात घातला. स्वतः काडीजवळ हात धरून उभे राहिले. हेमलताबाईंनी विमान दूर नेलं, वळवलं आणि समोरून आणून गवतावर उतरवलं. मारुतरावांना हात लावावा लागला नाही.

 वाईट वाटलंच मुजुमदारांना, अगदी मनापासून वाईट वाटलं. सात महिने नकाशा त्यांनी वाचला होता आणि विमान बायकोने उतरवलं होतं. तिसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर चहाचा कप खाली ठेवत ते म्हणाले, "मला शिकवशील?"

मग रोज संध्याकाळी क्वार्टरच्या अंगणात कवायत सुरू झाली. मुजुमदार तुळशीपाशी बंद डबा गळ्यात अडकवून उभे. समोरच्या फाटकातून हेमलताबाई दोन्ही हात पसरून, पदर खोचून, त्यांच्या दिशेने चालत यायच्या. मध्येच एक हात खाली झुकवायच्या.

"कुठला हात खाली आहे?"

"तुझा डावा. म्हणजे माझ्या..."

"नाव नका सांगू हो त्याचं. जो हात खाली दिसतोय, त्याच बाजूला काडी. पडणाऱ्याला खालून टेकू देतो ना आपण? तेवढंच करायचं."

शेजारचे खन्नासाहेब रोज भिंतीवरून बघायचे. शेवटी त्यांनी विचारलं, "मजुमदारजी, भाभीजी की तबीयत तो ठीक है?"

"बिल्कुल," मुजुमदार मान न वळवता म्हणाले. "लँड कर रही हैं."

पाचव्या रविवारी तीन फेऱ्या धड परतल्या. सहाव्याला दोन, सातव्याला तीन. डब्यावरचा कलमांचा कागद कधीच निघून गेला होता. आठ झाल्या आणि डिसेंबरचा पहिला रविवार उरला.

त्या दिवशी धुकं इतकं, की स्कूटरचं चाक दिसेना. विनयही मुद्दाम बघायला आला होता. पत्र्यांचा ट्रक येऊन उभा होता. दहा वाजले तरी ऊन नाही. मुजुमदार हरिकेनच्या पेटीवर हात ठेवून बसले होते. पावणेअकराला धुकं उचललं. शिकाऊ विमान नववी फेरी करून आलं, दहावी करून आलं. मारुतरावांनी पेटीची कडी स्वतः काढली.

हरिकेन धावलं ते डावीकडे ओढ घेत. मारुतराव म्हणाले, "धरा, धरा," आणि मुजुमदारांनी धरलं. ते वर गेलं. हिरवं-मातकट विमान निळ्या आभाळात वळलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले, आणि ही मोठी पंचाईत, कारण डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. चार घिरट्यांनंतर ते समोरून उतरायला आलं. एक पंख एकदम खाली गेला. काडीवरची बोटं आखडली. मग त्यांना डोळ्यांसमोर अंगणाच्या फाटकातून चालत येणाऱ्या हेमलताबाई दिसल्या, एक हात खाली, पदर खोचलेला, आणि काडी आपसूक त्या बाजूला गेली. पंख उचलला. हरिकेन दोनदा उसळलं, एका पंखाचं टोक जमिनीला घासलं आणि ते थांबलं. मिशीवाली बाहुली जागेवर होती.

विनयने काकांना मिठी मारली. मारुतरावांनी टाकी पाहिली. "एका फेरीपुरतं इंधन उरलंय, साहेब. माणसं पत्रे उतरवायला लागलीत."

"चलो काका, आणखी एक," विनय म्हणाला.

मुजुमदारांनी डबा गळ्यातून काढला आणि हेमलताबाईंपुढे धरला.

"मी?" त्या मागे सरकल्या. "अहो, तुटलं तर? तुमचं सात महिन्यांचं..."

"तुटलं तर दोघांचं तुटेल," मुजुमदार म्हणाले.

 हेमलताबाईंनी पदर खोचला. त्यांनी विमान वर नेऊन वळवलं. समोरून येताना पंख दोनदा झुकला आणि दोन्ही वेळा उचलला. मुजुमदार शेजारी उभे होते, आणि नकळत त्यांचेही दोन्ही हात पसरले होते. चाकं जमिनीला लागली ती अशी, की मारुतरावांनी सवयीने सॅल्यूट ठोकला.

संध्याकाळी घरी मुजुमदारांनी पेटीसमोर बसून शाईचं पेन काढलं आणि चिठ्ठीवर आपल्या नावाखाली 'व सौ. हेमलता दि. मुजुमदार' असं लिहिलं. हेमलताबाई चहा घेऊन आल्या. चष्मा पुसून त्यांनी चिठ्ठी वाचली.

"खाली का?" त्या म्हणाल्या. "पंख घासला तुम्ही. मी तर न घासता उतरवलं."

मुजुमदारांनी थोडा विचार केला. मुद्दा बिनतोड होता. त्यांनी जुनी चिठ्ठी नखाने सोलून काढली आणि नवा कागद घेतला.