सलीमभाऊंची रक्ताची चौकशी

सलीमभाऊ गेले त्या दिवशीही रक्ताची चौकशी थांबली नाही.

आज वर्ष झालं.

ब्रह्मपुरीच्या बस स्टँडसमोर त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान. त्याआधी आम्ही एकाच शाळेत. ते कॉम्प्युटर शिकवायचे, मी मराठी. रिटायर झाल्यावर माझ्या दुपारी त्यांच्या दुकानातच जायच्या.

कुरखेड्याकडच्या जंगलातल्या गावाहून एक बाई तिथे यायची. तिच्या मुलीला, सुनीताला, सिकलसेल हा रक्ताचा आजार. पोरीला अधूनमधून रक्त चढवावं लागे, आणि तिचा ग्रुप सहज मिळणारा नव्हता.

मग सलीमभाऊ रक्तपेढ्यांना फोन लावायचे. आधी गडचिरोली, मग भंडारा, मग नागपूर. एकानं उचलला नाही की पुढचे सगळे खोळंबले. तोवर बस निघून जायची.

सलीमभाऊंनी प्रोग्राम लिहायला घेतला. सगळ्या रक्तपेढ्यांच्या वेबसाइटना त्यानंच विचारायचं. भाषा निवडली रस्ट.

"हीच का?" मी विचारलं.

"हे आधी पूर्ण तपासते, मंगच चालू देते. तुमच्यासारखी आहे, गुरुजी. लाल शाई लावल्याशिवाय वही वापस नाई."

पहिला प्रोग्राम फोनसारखाच निघाला. एका साइटनं उत्तर लांबवलं की बाकीच्या तिच्यामागे रांगेत.

मी म्हटलं, "वर्गात एकेकाला कविता म्हणायला लावली की तास संपायचा. म्हणून मी सगळ्यांना एकदम म्हणायला लावायचो. कोणी कोणासाठी थांबायचं नाही."

बोलताना तो वर्ग खरंच डोळ्यांपुढे आला. खिडकीबाहेर मोहाचं झाड, आत पोरांचा एकच सूर, आणि शेवटच्या बाकावरचा कोणीतरी नेहमी एक ओळ मागे.

सलीमभाऊंना पटलं. त्यांनी प्रोग्राममधली 'इथे थांब' असं सांगणारी प्रत्येक सूचना, प्रत्येक अवेट, काढून टाकली.

रन केलं. बाई समोरच बसलेली. सुनीता तापानं तिच्या मांडीवर डोकं टेकून.

पापणी लवायच्या आत स्क्रीनवर आलं : कुठेही उपलब्ध नाही.

"कुठीच नाई, भाऊ?"

"नाई दिसून राह्यलं, बाई."

तिनं पिशवी उचलली. "मंग घरी नेतो इले."

सलीमभाऊ स्क्रीनकडेच पाहत होते.

"थांब, बाई. इतक्या लवकर तर कोणी नाईबी म्हणत नाई."

खाली पिवळ्या अक्षरांत इशारा होता. त्यांनी तो वाचला आणि कपाळाला हात लावला.

या भाषेची एक रीत आहे. विनंती नुसती लिहून ठेवली तर ती जागची हलत नाही. कोणी तिच्या उत्तराची वाट पाहू लागलं, तरच ती निघते.

आम्ही सगळंच थांबणं काढून टाकलं होतं.
कोणाला काही विचारलंच गेलं नव्हतं.

"गुरुजी, पोरं एकमेकाईसाठी थांबत नाई, बरोबर. पण मास्तर तर सगळ्याईसाठी थांबते ना?"

"थांबतो. शेवटच्या बाकासाठीसुद्धा."

"मंग तेच लिहा लागन."

सगळ्या विनंत्या एकत्र बांधायच्या, आणि त्या साऱ्यांसाठी मिळून एकदाच थांबायचं. भंडाऱ्याचं उत्तर आधी आलं. नाही. नागपूर. नाही. एक साइट गप्पच राहिली. ठरलेला वेळ थांबून प्रोग्रामनं तिचा नाद सोडला.

गडचिरोली : आहे.

बाईनं पोरीला उठवलं आणि जीप पकडली.

गेल्या वर्षी सलीमभाऊंच्या छातीत दुखलं. नागपूरला नेताना वाटेतच गेले. दफन करून आम्ही परतलो, तर बंद दुकानापुढे बाई बसलेली. तिला काही माहीत नव्हतं.

घरी सलीमभाऊंच्या पत्नीनं, भाभींनी, दाराआडून किल्ली पुढे केली.
"गुरुजी, पहले उसका देख लो."

शटर मीच उघडलं.

काल सुनीता एकटीच आली होती. आता इथेच अकरावीला आहे. प्रोग्रामचं बटण तिनंच दाबलं.

सलीमभाऊ, तिला रक्त मिळालं. एवढंच कळवायचं होतं.

तुमच्याकडून उत्तर येणार नाही, ठाऊक आहे. पण वाट पाहिल्याशिवाय निरोप निघतच नाही, हे तुमच्याच दुकानात शिकलो.

म्हणून हे पोस्ट केल्यावर तिथल्या बाकावर थोडा वेळ बसणार आहे.

भावपूर्ण आदरांजली, सलीमभाऊ.